बरणीतला मासा घेऊन आलेले काका

जठारपेठेतल्या ॲक्वेरियमच्या दुकानात मी दुसऱ्यांदा गालिचा घ्यायला गेले होते. गालिचा म्हणजे टाकीच्या तळाशी पसरणारी बुटकी वनस्पती. माझ्या फायटर माशाच्या छोट्या टाकीतला पहिला गालिचा कुजला होता. त्याला वेगळा गॅस लागतो, कडक उजेड लागतो. तरी मी पुन्हा तोच मागितला, कारण दिवाणखान्यात तो झकास दिसायचा.

शेजारी साठीचे एक गृहस्थ उभे होते. गळ्यात दुपट्टा, हातात लोणच्याची काचेची बरणी आणि बरणीत निळा फायटर. वनस्पतींच्या प्रत्येक ट्रेपुढे ते बरणी धरायचे, जरा थांबायचे आणि मान हलवून पुढे सरकायचे.

"काका, पोरगी दाखवून राहिले का त्याले?" दुकानदार म्हणाला.

"मंग! ज्याले थितं राहाचं हाय, त्याले इचाराले नोको?"

"माशाला काय कळतंय?" मी म्हटलं.

"नसंन कळत, बाई. पण आपुन त टाकीच्या बाहेर राहातो ना?"

साध्या मॉसपुढे, म्हणजे पाण्यातल्या शेवाळापुढे, मासा बरणीच्या तळाशी शांत बसला. काकांनी तेच घेतलं. त्याला ना गॅस लागत, ना कडक उजेड. जाळीवर दोऱ्यानं बांधलं की झालं.

मासा पसंती देतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी हातातला ट्रे परत ठेवला आणि मॉस घेतलं.

आता ते दाट, वेडंवाकडं पसरलंय. दिवाणखान्याला अजिबात शोभत नाही. पाहुणे वाकून विचारतात, "टाकीत मासा आहे ना?"

आहे. दुपारचा त्यातच झोपलेला असतो.