ताकदीची गोळी

ऐरोलीत माझा दवाखाना आहे. समोरच्या टॉवरमधले आयटीवाले येतात आणि मागच्या गावठाणातली माणसंही. आयटीवाल्यांना मी गोळीचं नाव, दुष्परिणाम सगळं सांगतो, कारण ते खुर्चीत बसल्याबसल्या मोबाइलवर ताडून बघतात. गावठाणातल्यांच्या हातात कागदाची पुडी देतो. हा भेद मी कधी ठरवून केला नाही, म्हणून तर त्याची जास्त लाज वाटते.

गावठाणातली एक मावशी नवरा गेल्यावर माझ्याकडे आली. झोप नाही, छातीत धडधड, घास उतरत नाही. मी पंधरा दिवसांची झोपेची गोळी दिली. पण तसं म्हटलं असतं तर 'मी काय येडी हाय का' म्हणून तिने ती घेतली नसती, आणि समजावत बसायला मला सवड नव्हती. बाहेर गर्दी होती. ताकदीची गोळी आहे, रात्री घ्या, असं मी सांगून टाकलं. आमच्यातले पुष्कळ जण असंच सांगतात, आणि पेशंटच्या भल्यासाठीच सांगतो असं स्वतःला पटवतात.

मावशी झोपायला लागली. पंधरा दिवसांची गोळी तीन वर्षं चालली. ती आली की कंपाउंडर दारातून 'रिपीट?' विचारायचा आणि मी मान हलवायचो. तिला आत बोलवायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

मग तिची सून बाळंत झाली. बाळंतपणाने पोरगी फार अशक्त झालीय म्हणून मावशी आपल्या पुडीतली एक गोळी रोज तिला द्यायला लागली. आठवड्याभरात बाळ दूध ओढेना, हलवलं तरी नीट जागं होईना. बाळाला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सून काय घेते ते विचारून घरून पुडी मागवली, गोळी ओळखली आणि मला फोन केला. गोळीचं औषध सुनेच्या दुधातून बाळाच्या पोटात जात होतं. चौथ्या दिवशी बाळ सावरलं.

त्यानंतर मुलगा मावशीला घेऊन माझ्याकडे आला. "आईला काय कळतं, ताकदीची समजून दिली," तो चिडून म्हणाला. तेव्हाच खरं बोलायचं होतं. मी मात्र तिच्याकडे बघत, एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नसते मावशी, असं बजावलं. तिने मान खाली घातली. इतक्या भेकडपणे मी त्याआधी कधी वागलो नव्हतो.

ही गोळी एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते. त्यासाठी महिन्याने ती एकटी आली, तेव्हा मी तिला आत बसवलं. घरात तिला बाळाला हात लावू देत नव्हते. मुलाला जरा सांगाल का, एवढंच तिने विचारलं.

"मावशी, चूक तुमची नाही," मी म्हणालो. "ती झोपेची गोळी होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

तिच्यासमोरच मुलाला फोन लावून मी तेच पुन्हा सांगितलं. तो आईकडे द्या म्हणाला. मावशीने ऐकून घेतलं, फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग मना तवाच सांगाचा व्हता, डाक्टर," ती म्हणाली. "मी तिला दिली नसती."