धुक्यात बटण दाबून

राधानगरीच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते, म्हणून घरच्यांसाठी वॉकीटॉकी घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्यो हलका हाय, पर लांब पोचतोय. त्यो जड हाय, आवाज दणकून." मी दणकून निवडला. आमच्या घरात हळू बोललेलं कुणी ऐकतच नाही.

जंगलात बायको आणि मुलगी जोडीतला एक वॉकीटॉकी घेऊन पक्षी बघत पुढे गेल्या आणि धुकं उतरलं. समोरचं झाड दिसेना. पायवाटेवर गव्याचं ताजं शेण पडलेलं. बटण दाबून ओरडत सुटलो, "कुठं हाईसा? हलू नका, गवा हाय!" उत्तर नाही. मग मुलीला हाका मारल्या, मग देवाला. तरी नाही. डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं.

घामानं अंगठा घसरला, बटण सुटलं आणि बायकोचा आवाज आला, "अहो, बटण सोडा की! तुम्ही दाबून धरलंय तवर आमचं कसं ऐकू येणार? आम्ही दुसऱ्या वाटेनं गाडीपाशी आलोय. बाबाला गव्यानं धरलं म्हणून पोरगी रडालीया. आता गप चालत या. खरंच गवा असंल तर त्याला कशाला कळवालाय?"