दत्ताची पाणंद

दत्ता गेल्याचे कळले तेव्हा मी पुण्यात, मुलीच्या घरी होतो. "काका, आबा गेले," एवढेच त्याचा मुलगा फोनवर बोलला. हृदयाचे दुखणे जुने होते, त्यामुळे धक्का बसला असे म्हणणे खरे ठरणार नाही. लागली ती टोचणी. त्याच्याशी एकदा निवांत बोलायचे होते, आणि ते मी पुढे ढकलत राहिलो होतो.

निरगुडसरच्या बाजूला आमची दोघांची शेते शेजारी. वस्तीवरून शाळेकडे जायची जुनी वाट म्हणजे पाणंद, दोन्हीकडच्या शेतांमधली चिंचोळी पट्टी. लहानपणी आम्ही तिनेच चालत शाळेत गेलो. पुढे दर नांगरटीला दोन्ही बाजूंचे बांध थोडे थोडे सरकले आणि पाणंद उसात नाहीशी झाली. बांध कोरण्याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. शेजाऱ्याने कोरला तरच ती चोरी असते. मग मुले डांबरी रस्त्याने जाऊ लागली. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि कडेच्या खडीत डगमगणाऱ्या मुलींच्या सायकली.

एकदा दत्ताच्या नातीला ट्रॉलीचा निसटता धक्का लागला. हात मोडला, पण पोर वाचली. त्यानंतर त्याने पाणंद मोकळी करण्याचे मनावर घेतले. आधी स्वतःचा बांध मागे घेतला, मग घरोघर फिरून इतरांना राजी केले. त्याची अट एकच होती: ही वाट पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींचीच राहावी, तोंडाशी मोठे दगड रोवून ट्रॅक्टर अडवावेत.

मी गावच्या रस्ता समितीचा अध्यक्ष होतो. ग्रामसभेत एकाने विचारले, "ट्रॅक्टर न्हाई जायचा, तर त्याला रस्ता कशाला म्हनायचं?"

"तुजा ट्रॅक्टर इकून सायकल घे की, दत्ता!" दुसरा ओरडला. हशा उसळला.

दत्ताही हसला. "ट्रॅक्टर मीबी चालवतो, राव. मागं दोन ट्रॉल्या असल्या की कडंची सायकल दिसतच न्हाई, म्हून तर सांगतो. ट्रॅक्टरला रस्ता हाय, पोरींना न्हाई."

हसणे थांबले, पण संमती मिळेना. शेवटी मीच त्याला बाजूला घेतले. "दत्ता, आधी पाणंद उघडू तर दे. दगडांचं मागनं बघू." तो म्हणाला, "तू म्हनतोस तर..."

पाणंद उघडली. मुरूम पडला, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्याच हंगामात उसाच्या ट्रॉल्या तिथून निघू लागल्या आणि चाकोऱ्या इतक्या खोल पडल्या की सायकल ढकलणेही अवघड. मुली पुन्हा डांबरी रस्त्याला लागल्या. दगड रोवायचे राहूनच गेले. दत्ताने मला कधी दोष दिला नाही. भेटला की पिकापाण्याचे बोलायचा. तो रागावला असता तर मला काही उत्तर तरी देता आले असते... ज्याला मी व्यवहार समजत होतो, तो बहुधा माझा भिडस्तपणा होता. चार लोकांत वाईट व्हायचे मी टाळले, आणि त्याचा भार मुलींवर टाकला.

अंत्यविधीला पुढाऱ्यांची भाषणे झाली. पाणंदीचे श्रेय सगळ्यांनी त्याला दिले. मला बोलायला उभे राहवले नाही.

हल्ली आमच्या भागात रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालतात आणि तिच्यावर झाड लावतात. सावडण्याच्या दिवशी दत्ताच्या मुलाने घरामागची जागा दाखवली. दत्ताची पत्नी, सुमनवहिनी, रक्षा घेऊन पाणंदीच्या तोंडाशी गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

"हितं."

"वहिनी, मदोमद?" भावकीतला एक जण चाचरत म्हणाला. "ट्रॅक्टर कसा जायचा?"

"न्हाई जायचा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तडजोडीचे वाक्य माझ्या ओठांवर तयारच होते: जरा कडेला लावू, तिथेही सावली पडेलच. ते मी गिळले आणि मुलाच्या हातातला टिकाव मागून घेतला. मुरूम आम्हीच दाबून बसवलेला. खड्डा लवकर होईना.

रक्षेवरच्या झाडाला आमच्याकडे कोणी चाक लावत नाही. ट्रॅक्टर आता डांबरी रस्त्याने जातात, चाकोऱ्या मुलाने बुजवून घेतल्या. सकाळी जोडीने येणाऱ्या मुली जांभळाच्या त्या रोपाशी वेगळ्या होतात, एक इकडून, एक तिकडून, आणि बोलणे न थांबवता पुढे पुन्हा जोडीने चालू लागतात. परतताना एखादी बाटलीत उरलेले पाणी आळ्यात ओतते. दत्ता कोण होता, हे तिला ठाऊक असेलच असे नाही...