फ्लेक्सखालची टर्की

बायकोच्या दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर पंधरा-वीस बसलेले, पण खाली एक उतरेल तर शपथ. मुलगा हात जोडून बोलला, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळे ढिम्म. सून बोलली, "आई, तुमचे देव मी रोज पुसेन." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, भटजी मोबाइल बघायला लागले. तेव्हा आमची शेजारीण मागून ओरडली. ती नाक्यावर मासळी विकते, तिला मी वहिनी म्हणतो. "भावजी, टर्कीचं बोला! तिचा जीव टर्कीत हाय!"

लोक हसले. दहाव्याला हसले. मी वैतागून बोललो, "बरं बाई, तुझी टर्की मी सांभाळीन. कापणार नाही, विकणार नाही, हरवणार नाही. आता तरी जेव."

तोंड मिटायच्या आत एक कावळा उतरला आणि भात घेऊन गेला.

यात बायको किती आणि कावळ्याची भूक किती, ते मला ठाऊक नाही. पण बोललो ते चारचौघांत बोललो. आणि शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी टर्की हरवली.

टर्की म्हणजे कोंबडीच्याच गोतातलं मोठं पाखरू. डोकं बोडकं, मान निळी-लाल, चाल अशी की नगरसेवक वॉर्डात फिरतोय. बायकोने मुरबाडकडच्या बाजारातून जोडी आणलेली, नर आणि मादी. मी तिला बोललो, "खायला आणल्यास ना?" तिने दोन दिवस मला नुसतं पिठलं वाढलं.

नर आवाजाचा. कुठेही मोठा आवाज झाला की गळा फुगवून उत्तर द्यायचा, गडगडगडगड. आमच्या कुकरची शिट्टी झाली की गडगड. चाळीतल्या बायका आपल्या कुकरच्या शिट्ट्या त्याच्यावर मोजायच्या. पण बाळकुममध्ये आता आमची चाळ खाली आणि टॉवर वर. टॉवरमधली पोरं घरी बसून ऑफिस करतात. दिवाळीच्या आधी त्यांचा सेक्रेटरी आला, हात जोडून बोलला, "काका, तुमचा पक्षी आमच्या मीटिंगमध्ये बोलतो हो." मी बोललो, "काहीतरी चांगलंच बोलत असेल." पण बायकोला भांडण नको होतं. नर शहापूरला व्याह्यांकडे गेला.

मादी राहिली. ती मुकी. म्हणजे अगदी मुकी नव्हे, बायकोशी बारीक कुटकुट बोलायची. माझ्याशी नाही. मी जवळ गेलो की मान उंच करून बघायची, सावकार दारात आल्यासारखी.

ही टर्की गेली. चाळीच्या मागे मोठा प्लॉट आहे. पूर्वी तिथे भात व्हायचा, आता बाभूळ, घाणेरी आणि पुरुषभर गवत. तिथे टॉवर उठणार. पाडव्याला भूमिपूजन, त्याआधी दोन दिवस जेसीबी येऊन सगळं साफ करणार, हे प्लॉटच्या वॉचमनने मला सांगितलं. टर्की त्याच रानात शिरलेली, एवढं चाळीतल्या एकीने पाहिलेलं. म्हणजे माझ्याकडे दोन आठवडेसुद्धा नव्हते. जेसीबी काय, खाली पाखरू आहे का बघून दात टाकत नाही.

मुलगा फोनवर बोलला, "बाबा, जाऊ द्या. दुसरी आणू."

"दुसरी तुझ्या आईने आणलेली असेल का रे?"

त्याचं उत्तर यायच्या आत मी फोन ठेवला. मी असाच आहे, बोलतो आणि मग समोरच्याला बोलायला जागा ठेवत नाही.

पहिले चार दिवस मी काय केलं ते ऐका. पत्र्याचा डबा घेतला, त्यात मूठभर तांदूळ, आणि खडखड वाजवत सगळा प्लॉट पालथा घातला. "येऽऽ टर्केऽऽ! ये ये ये!" माझा आवाज मोठा. बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर काढली, तिथे हळू बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. त्या प्रेसच्या आवाजानेच डावा कान नेला. माझ्या ओरडण्याने टॉवरच्या बाल्कन्या भरल्या. कुत्री आली. टर्की नाही आली.

चौथ्या दिवशी वहिनी पाटी धूत होती. माझ्याकडे न बघता बोलली, "भावजी, ती अंड्यांवर बसली असंल. अंड्यांवरचं पाखरू हाकेला ओ देतंय व्हय? तुम्ही जितकं बोंबलाल, तितकी ती दबून बसंल."

"मग काय करू?"

"गप बसा."

"आणि?"

"आणि काय? गप बसा नि ऐका. तुम्हाला जमायचं नाय ते, पण बसून बघा." मग पाटी उपडी ठेवली आणि म्हणाली, "ती बिचारी तुम्हाला दिवसातून पन्नासदा विचारायची, ऐकलं का, ऐकलं का. ऐकलं कधी?"

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. "अहो, ऐकलं का?" हेच माझं नाव होतं घरात. मी "हां हां" करायचो आणि पेपर उलटायचो. वहिनीवर रागवावं असं वाटलं, पण ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकचा स्टूल घेऊन प्लॉटच्या कडेला बसलो. अर्ध्या तासात माझ्याच पोटाचा आवाज सोडून काही ऐकू आलं नाही. पलीकडे दुसऱ्या टॉवरचा पाया ठोकणारं पायलिंगचं मशीन धाडधाड. घोडबंदरच्या रस्त्याचा आवाज. वॉचमन आला, शेजारी उकिडवा बसला आणि गावच्या गोष्टी सांगायला लागला. त्याचा भाऊ, भावाची म्हैस, म्हशीचा आजार. मी बोललो, "भैया, थोडा चूप बैठ." तो बोलला, "चूप ही तो बैठा हूँ, काका," आणि म्हशीच्या औषधावर आला.

तिसऱ्या दिवशी युक्ती सुचली. त्याला चहाला पाठवायचं ते पायलिंगवाल्यांची जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. मग तासभर मशीन बंद आणि वॉचमन बंद. दुपारचा तो तास निवडण्याला अजून एक कारण होतं. बायको नेहमी भर उन्हात मागच्या दारी पाण्याचं घमेलं भरून ठेवायची. मी विचारलं तर सांगायची, ती आता येईल. म्हणजे टर्की त्या वेळेला पाण्यावर येते, हे तिला माहीत होतं. मला सांगितलेलंही होतं. मी पेपर उलटलेला.

आता एका कानाने ऐकण्याची अडचण सांगतो. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सगळं उजवीकडूनच येतं. त्याला मी कारखान्यातला उपाय केला. मशीनचं बेअरिंग बिघडलं की आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचो आणि मूठ कानाला. मग एकेका जागेवर टेकवत जायचं, जिथे खरखर जास्त तिथे दोष. घाई केली की चांगलं बेअरिंग खोलून बसायचो. तसंच इथे. डोळे मिटायचे, मान टेबलफॅनसारखी हळूहळू फिरवायची, आणि आवाज जिथे मोठा होतो तिथे थांबायचं.

तसं केल्यावर ते रान उघडलं. सुकलेल्या पानांत सरडा जातो तो बारीक, तुटक. मुंगूस जातं तो एका दमात. भारद्वाज पावलं टाकतो तेव्हा वाटतं माणूसच चालला. साळुंक्या ओरडल्या म्हणजे खाली काहीतरी हललंय. आणि मधूनच एक कर्रर असा आवाज यायचा. कोपऱ्यात बिल्डरचा मोठा फ्लेक्स वाऱ्याने पडलेला, "आपल्या स्वप्नातलं घर" असं लिहिलेला, त्याचा. तो मी सोडून दिला.

त्याच दुपारी पाचोळ्यात जड पावलं ऐकली. दोन पावलं, थांबली. दोन पावलं, थांबली. मग फस्स फस्स, धूळ उडवून अंघोळ करण्याचा आवाज. डोळे उघडले तर बाभळीखाली टर्की. रोडावलेली, पिसं विस्कटलेली. मला हाक मारायची एवढी उबळ आली की मी मुठीने तोंड दाबून धरलं. ती उठली, घाणेरीआड गेली, दिसेनाशी झाली. मी मागे धावलो नाही. सत्तरी पार केल्यावर आयुष्यात पहिल्यांदा धावलो नाही.

चौथ्या दिवशी स्टूल त्या घाणेरीपाशी नेला. ती आली, अंघोळ केली, माझ्यापासून दहा पावलांवरून गेली आणि पुढे पडक्या कुंपणापाशी हरवली. पाचव्या दिवशी स्टूल कुंपणापाशी. वहिनी लांबून बघत होती. संध्याकाळी विचारते, "काय भावजी, आज किती पुढं सरकला?"

"पंधरा पावलं."

"वा! दिवाळीपर्यंत भिवंडी गाठाल."

पण जेसीबीला तीनच दिवस राहिलेले. तिची थट्टा मला हसवत होती आणि रात्री ती पंधरा पावलं मोजत मी पडून राहायचो.

सहाव्या दिवशी कुंपणापाशी बसलो. हवा बंद. बाभळीचं पान हलत नव्हतं. पायलिंग थांबलं, वॉचमन चहाला गेला. ती आली, गेली, पुन्हा दिसेनाशी झाली. मी मान फिरवत बसलो. आणि कर्रर.

वारा नाही, मग फ्लेक्स कसा वाजला?

मी जागचा हललो नाही. आणखी एकदा, अगदी हलकं, कर्र. जड अंग हळूच खाली टेकवावं तसं. मी गुडघ्यांवर रांगत गेलो. या वयात रांगताना बाल्कन्यांतून लोकांनी काय पाहिलं असेल ते असेल. फ्लेक्सचा कोपरा चिमटीने उचलला. स्वप्नातल्या घराच्या खाली टर्की बसलेली, मान जमिनीला लावून, डोळा माझ्यावर. तीन दिवस मी हाच आवाज ऐकून सोडून देत होतो. तिने साप फुसफुसतो तसा फुत्कार टाकला आणि माझ्या अंगठ्याचा चावा घेतला. मला इतका आनंद झाला की अंगठा तिच्याकडे तसाच राहू दिला.

वहिनीला जाऊन सांगितलं. ती बोलली, "अंडी किती?"

"दहा-अकरा."

"नि नर कवापासून नाय?"

मी बोटांवर महिने मोजले. नर दिवाळीला गेलेला. अंडी सगळी पोकळ. ती बिचारी उपाशी राहून पोकळ अंडी उबवत बसलेली. वहिनी पदराने तोंड पुसत उठली, "थांबा," म्हणाली आणि नाक्यापलीकडच्या बहिणीकडून गावठी कोंबडीची नऊ अंडी घेऊन आली. आमच्यात ही जुनी रीत. एकीची अंडी दुसरीखाली घालतात, बदकाची कोंबडीखाली, कोंबडीची टर्कीखाली. बसणारीला फक्त ऊब द्यायची असते, ती कोणाची आहेत ते विचारत नाही.

दिवस मावळताना आम्ही गेलो. मी, वहिनी आणि वॉचमन, तोही त्या दिवशी खरंच गप्प. टर्कीवर टाकायला अंधार करणारं जाड फडकं हवं होतं. मी बायकोचं जुनं हिरवं लुगडं नेलं. तिचे बाकीचे कपडे देऊन टाकलेले, ते एक माझ्याच्याने दिलं गेलं नव्हतं. ते अंगावर पडताच टर्कीने धडपड थांबवली. अंधार झाला की पाखरू शांत होतं, तेवढंच असेल. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

मासळीच्या पाटीतून घरी आणली. मागच्या पडवीत, बायकोची खाट होती त्या कोपऱ्यात, गवत घातलं, नऊ अंडी ठेवली, वर तिला ठेवली. एक रात्र आणि अर्धा दिवस ती उभीच राहिली. मी काही बोललो नाही. पाणी ठेवलं आणि पाठ करून बसलो, बायको बसायची तसा, लसूण सोलत. दुपारी पाठीमागे गवत दबल्याचा आवाज आला. बसली.

जेसीबी ठरल्या दिवशी आला. तासाभरात प्लॉट सपाट. भूमिपूजनाचा पेढा वॉचमनने मला आणून दिला, मी तो वहिनीला दिला. आणि मी दिवस मोजायला लागलो. कोंबडीच्या अंड्याला एकवीस. त्या दिवसांत मी कुकर लावला नाही, शिट्टी नको म्हणून. भात उघड्या टोपात शिजवला, दोनदा करपवला.

विसाव्या दिवशी दुपारी ती पाण्यावर उठली तेव्हा मी एक अंडं उचललं. गरम होतं. उजव्या कानाला लावलं, स्क्रूड्रायव्हरची मूठ लावायचो तसं, आणि डोळे मिटले. आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग आत टक. थांबलं. टक टक. आणि मग अगदी बारीक, चिव.

माझ्या पाठीमागून टर्की बोलली. कुटकुट, कुटकुट. बायकोशी बोलायची तशी. माझ्याशी नव्हती बोलत, अंड्याशी बोलत होती, ते मला कळत होतं. तरी मी सरकलो नाही.

दारातून वहिनीने हाक मारली, "अहो भावजी, ऐकलं का? काय झालं अंड्यांचं?"

मी हात वर करून तिला थांबवलं. अंडं अजून कानाला होतं, आणि त्यातलं पिल्लू बोलायचं थांबलं नव्हतं.