मंडईच्या आधी बिल विकलं

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक, लेकी माहेरी आलेल्या, घराघरात पाहुणे. या मंडईच्या आधी मजुरांचा चुकारा करायचा, म्हणजे केलेल्या कामाचे सगळे पैसे हातावर ठेवायचे, हा ठेकेदारीतला कुठेही न लिहिलेला कायदा आहे. एरवी आठवडाभर मागेपुढे झालं तर माणसं समजून घेतात. मंडईला नाही घेत. ज्याची मंडई कोरडी गेली त्याची टोळी उठते आणि हैदराबादच्या गाडीत जाऊन बसते. मग ठेकेदाराने आपलं मिक्सर पुसत बसावं.

मी बाई असून ठेकेदार आहे. हे वाक्य वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिलं. मला स्वतःला त्यात नवल वाटत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, दुसऱ्यांच्या साइटवर उन्हं खाल्ली, मग स्वतःचं लायसन काढलं. नवरा शाळेत शिकवतो. त्याला धुळीचा त्रास आहे आणि माझ्या रागाचाही, म्हणून तो साइटकडे फिरकत नाही.

त्या वर्षी करडीजवळ धानाच्या गोदामाचं काम चालू होतं. गोदाम बांधायचा आणि पुढे तिथे धानाची खरेदी चालवायचा मूळ ठेका नागपूरच्या एका मोठ्या कंपनीचा. गोदामाची फरशी आणि समोरचा धान वाळवायचा मोठा सिमेंटचा ओटा एवढं काम कंपनीने मला दिलं होतं. टोळी लाखांदूरकडची, पहिल्या कामापासून माझ्याबरोबर असलेली. तिचा मेट, म्हणजे मुकादम, माझ्या बाबांच्या वयाचा. तो मला ‘बाई’ म्हणतो आणि मी त्याला ‘भाऊ’. दसऱ्याच्या आत काम उरकलं, कंपनीला बिल दिलं. कंपनी म्हणाली, करारात लिहिलंय तसे पैसे तीन महिन्यांनी मिळतील.

करारावर मीच सही केली होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. पण मंडई तीन महिने थांबत नाही. त्यातच गोसीखुर्दकडच्या एका पुनर्वसन गावातलं शाळेच्या खोल्यांचं काम मला लागलं होतं, पहिल्यांदा थेट माझ्या नावावर. ही टोळी गेली असती तर ते काम उभंच राहिलं नसतं. नवी माणसं मिळतात हो, पण माझी ओरड मनावर न घेणारी माणसं मिळत नाहीत.

“हैदराबादवाला फोन करून राहिला जी,” मेट एक दिवस म्हणाला. “गाडी पाठवतो म्हणते. मी पोट्टेहिले थांबवून ठेवलं हाय. पण मंडईपरेंतच.”

त्यात धमकी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

बँकेने घर गहाण मागितलं. घर सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे अजून माझ्या ठेकेदारीला ‘छंद’ म्हणतात. मग एका ओळखीच्या सीएने सांगितलं की बिल विकता येतं. फॅक्टरिंग म्हणतात त्याला. पैसे येणं बाकी असलेलं बिल एका फायनान्स कंपनीला द्यायचं, ती थोडी रक्कम कापून बाकीची आपल्याला लगेच देते आणि मुदत भरली की मूळ कंपनीकडून स्वतः वसूल करते.

गावात ही बातमी पसरायला चहा उकळण्याएवढा वेळ लागला. “बिल विकून राहिली म्हणते. दिवाळं निघालं का?” अशी चौकशी नवऱ्याला शाळेत झाली. मीही जरा खचले. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आम्ही मोहाडीकडचे विणकर. बाबांनी जन्मभर माग चालवला. मी भीतभीतच सांगितलं. ते हसले.

“अवं, हा तं बट्टा हाय. सेठ आमाले साड्याईचे पैसे सणानंतर देत जाय. सूत घ्याले पैसा नसला का मी त्याची चिठ्ठी दुसऱ्या व्यापाऱ्याले देऊन पैसे उचलो. तो बट्टा कापे. त्यात काहून लाजतेस? माग बंद पडू देणं, ते लाजेची गोष्ट.”

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

खरं सांगते, त्या अर्जाने मला मोठं सुख दिलं. वर्क ऑर्डर, बिल, मोजमाप, जीएसटीचे कागद, सगळं माझ्याकडे तयार होतं. घर कुणाचं, शेती किती, घरचे पुरुष काय करतात, हे कुणी विचारलं नाही. त्यांचं सगळं लक्ष नागपूरच्या कंपनीवर, ती पैसे देण्याच्या लायकीची आहे का यावर. आयुष्यात पहिल्यांदा ऐपत दुसऱ्याची तपासली जात होती आणि मी निवांत चहा पीत होते.

पण घोडं पेंड खायला लागलं ते पुढे. नागपूरच्या कंपनीने ‘काम ताब्यात मिळालं, बिल मान्य’ असं कळवल्याशिवाय फायनान्सवाले पैसे सोडत नाहीत. आणि कंपनीच्या बिलं बघणाऱ्या मॅनेजरला माझा राग आला.

“आमचं बिल परस्पर तिसऱ्याला विकता? आमच्यावर भरोसा नाही का?”

“भरोसा आहे म्हणून तर तुमचं बिल बाजारात खपतं, सर,” मी म्हणाले. मला वाटलं तो खूश होईल. उलट त्याने फायनान्सवाल्यांना कळवून टाकलं की काम अजून ताब्यातच घेतलेलं नाही, सबब बिल मान्य करता येत नाही. हा गृहस्थ साइटवर एकदाही आला नव्हता. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होता.

फायनान्स कंपनीने मग आपला अधिकारी साइट बघायला पाठवला. मंडई तोंडावर आली होती. अधिकारी पुण्याकडचा, शांत, हातात टेप आणि मोबाइल. मी त्याला वाटभर ओट्याबद्दल सांगत होते: उतार कसा दिलाय, पाणी कसं थांबत नाही, एकही भेग नाही. मेटही टोळीतल्या दोघांना घेऊन आला होता.

आम्ही पोचलो तर ओटाच नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत धान पसरलेलं.

आमच्याकडे कुठेही नवं सिमेंट दिसलं की माणसं त्यावर धान वाळवायला टाकतात. रस्ता असो, देवळाचं अंगण असो, विचारायची पद्धत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी, त्या माणसासमोर, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकापाशी उभी राहून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. धान पायाने उलटत फिरणाऱ्या बायकांनी माझं बोलणं शांतपणे संपू दिलं.

“मॅडम, आधी फाटक तर उघडा,” अधिकारी म्हणाला.

“चावी माझ्याकडे नाही,” मी म्हणाले. “कंपनीच्या वॉचमनकडे आहे.”

हे बोलले आणि मीच थबकले. अधिकाऱ्यानेही माझ्याकडे पाहिलं. वॉचमन चावी घेऊन लगबगीने आला.

“हे धान कोणी टाकू दिलं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“आमच्या सायबानं जी. परवापासून धानाची खरेदी चालू होते ना इथं. सायेब बोलले, वाळवू द्या, पहिले याईचाच माल आत घेऊ. म्हणून याईले आत सोडून मी कुलूप लावतो.”

म्हणजे कुलूप कंपनीचं, चावी कंपनीची, वॉचमन कंपनीचा, खरेदीही तिथेच सुरू होणार. फक्त ताबा तेवढा घ्यायचा राहिला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला हसू यायला लागलं. राग उतरून हसू आलं की मी जास्त धोकादायक असते, असं नवरा म्हणतो.

अधिकाऱ्याने आपलं काम नीट केलं. बायकांनी लाकडी फावड्यांनी धान जागोजाग बाजूला ओढून दिलं. त्याने टेप लावला, कडेची जाडी मोजली, आत जाऊन फरशी पाहिली, फोटो काढले. मग म्हणाला, “काम चांगलं आहे मॅडम, मी तसं लिहीन. पण मान्यता त्यांच्याकडूनच यावी लागेल.”

“येईल,” मी म्हणाले, आणि गाडीतून माझं कुलूप आणलं. सिमेंटच्या खोलीला लावायचं, तळहाताएवढं आणि जड.

आधी मी त्या बायकांना विचारलं. धान त्यांचं होतं, पोटाचा प्रश्न होता. कुलूप कशाला ते समजावून सांगितलं. त्यातली वयाने मोठी म्हणाली, “लाव ना बाई. रातभर धान कुठं पळून जाते का? आमी बसतो इथंच राखण.” मेट नुसता मिशीत हसत होता. वॉचमनला म्हटलं, तुझं कुलूप तुझ्याजवळ ठेव, तुझा काही दोष नाही. मग फाटकाला आतून कडी घातली, कुलूप लावलं, फोटो काढला आणि मॅनेजरला पाठवून फोन केला.

“सर, तुम्ही ताबा घेतलेला नाही, त्यामुळे तो माझ्याकडे आहे. खरेदी परवा ना? माझा ओटा भाड्याने देईन. गावातल्या बायकांना फुकट आहे, तुम्हाला दर लागेल.”

“मॅडम, बैठ के बात करते ना,” तो एकदम नरमून म्हणाला.

“बसलेच आहे,” मी म्हणाले, “तुमच्या गोदामाच्या पायरीवर.”

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि कंपनी मोठा मासा होती, हे मला कळत होतं. पण मागे मेट उभा होता, आणि त्याच्या खिशात हैदराबादचा फोन अधूनमधून वाजत होता. सूर्य कलण्याच्या आत अधिकाऱ्याच्या मोबाइलवर कंपनीचं पत्र आलं: काम ताब्यात घेतलं, बिल मान्य. त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी उठून माझं कुलूप काढलं. बायकांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्याच वाजवायला लागल्या. इतका आनंद मला लायसन मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी पैसे खात्यात आले. चुकारा मी त्याच ओट्यावर केला, धानाच्या कडेला सतरंजी टाकून. बाबांना फोन केला तर त्यांनी आधी बट्टा किती कापला ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, “सस्त्यात सुटलीस.”

हैदराबादची गाडी त्याच दिवशी दुपारी आली होती म्हणे. मेटने ड्रायव्हरला चहा पाजला, दंडार बघून जा म्हणून आग्रह केला आणि गाडी रिकामी परत पाठवली. हे मला त्याने सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. ओट्यावरून चुकारा घेऊन उठताना त्याने पैसे मोजले नाहीत, तसेच आतल्या खिशात ठेवले आणि चपला घालता घालता म्हणाला,

“मंडई झाली का सामान कुठं उतरवू जी? शाळेपाशीच ना?”