राजा बैल आणि माझा रॉकेटछाप फॉन्ट

बैलाला फॉन्टमधलं काही कळत नाही. हे मला पोळ्याच्या दिवशी कळलं, तेही पळता पळता.

मी जळगावला डिझाइन शिकतो. त्या वर्षी मी स्वतः एक फॉन्ट बनवला होता. जाडजूड, कोनाकोनांचा, गोलाई शून्य! प्रत्येक अक्षर जणू रॉकेटचा पत्रा कापून वाकवलेलं. (सर म्हणाले होते, "वाचता येईल असं काही कर." ते जाऊ द्या.) आता तो जगाला दाखवायचा, तर शिरपूरजवळच्या आमच्या गावात सगळ्यात मोठी पांढरीशुभ्र मोकळी जागा कुठली? आमचा राजा बैल!

आबा, म्हणजे माझे आजोबा, दरवर्षी राजाच्या अंगावर वाटीने गेरूचे ठप्पे मारायचे. मी म्हटलं, "आबा, यंदा मी त्याचं नाव लिहितो. एकदम भारी!"

"लिख. पण मिरवणूकना पहिले व्हवाले जोयजे. पहिला मान आपला राजाना शे. उशीर व्हयना, ते दगडू नानाना बैल पुढे जाई!"

एवढंच ना? दहा मिनिटांचं काम!

पण बैल चहूबाजूंनी गोल असतो, याचा मी विचारच केला नव्हता. राजाने श्वास घेतला की 'रा' फुगायचा, सोडला की 'जा' सुरकुतायचा. माशी बसली की कातडी अशी थरथरायची, की माझी सरळ रेघ गेली थेट तापीत!

मग मला आयडिया आली. (तिथेच घात झाला.) कडा धारदार हव्यात ना? मग चिकटपट्टी! राजाच्या कुशीवर पट्ट्यांनी अक्षरांची चौकट आखली आणि आत घट्ट गेरू भरला. तेवढ्यात तिकडे डफ वाजायला लागला.

"व्हयनं का रे?" आबा ओरडले.

"झालंच आबा! फक्त पट्ट्या काढायच्या!"

आणि मी एक पट्टी ओढली. केसांसकट.

राजा क्षणभर स्तब्ध उभा राहिला. मग त्याने खुंटाच उपटला! मी घाबरून गळ्यातला कासरा धरला आणि त्याच्या कुशीला घोरपडीसारखा चिकटलो. "सरका! सरका!" अर्धं गाव ओट्यांवर चढलं. नटूनथटून निघालेल्या दगडू नानांच्या बैलाला मागे टाकून आम्ही थांबलो ते थेट मारुतीच्या दारात, जिथून मिरवणूक निघते तिथे!

आबा धापा टाकत आले. डोळ्यांत पाणी. "पहिला! मना राजा पहिला उना!"

आई पुरणपोळीचं ताट घेऊन पुढे झाली आणि थबकली. राजाच्या कुशीवर नुसता लाल चिखल आणि लोंबणाऱ्या पट्ट्या. आणि माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर, छातीभर, उलटा पण ठसठशीत: 'राजा'!

"वहिनी," दगडू नाना गंभीरपणे म्हणाले, "ज्याना आंगवर नाव शे, त्याले मान!"

सगळं गाव खदखदून हसलं. आईने मला कुंकू लावलं, पोळी भरवली. आबांनी घुंगरमाळसुद्धा माझ्याच गळ्यात घातली. मी मान खाली घालून मिरवणुकीत पुढे चाललो.

पण राव, छातीकडे बघत चालताना एक गोष्ट मानावीच लागली. कडा काय धारदार उठल्या होत्या!