सांता फेमधलं चप्पल स्टँड

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात अध्यक्ष बदलतात, खजिनदार बदलतात, मसालेभात करणारा तर भांडून भांडून तीनदा बदलला. पण बावीस वर्षं एक माणूस जागचा हलला नव्हता. एकनाथ शेवाळे, म्हणजे सगळ्यांचे एकनाथकाका. गणपती बसायचा शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आणि काका बसायचे हॉलच्या दारात, चपलांपाशी.

चपला सांभाळणं हे काय काम आहे, असं तुम्ही म्हणाल. घरी गेल्यावर तुमच्या डाव्या पायात कधी दुसऱ्याचा बूट निघाला नसेल, म्हणून म्हणाल. काका आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि गणपतीत तोच काटेकोरपणा चपलांना लावायचे. कागदी टोकन, अर्धं बुटात, अर्धं माणसाच्या हातात. लहान मुलांची रांग वेगळी. चारशे माणसं यायची, आणि बावीस वर्षांत एकही जोड हरवला नाही की बदलला नाही. याबद्दल त्यांना कोणी थँक्यू म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

यंदा नवी कमिटी आली. अध्यक्ष चारुता, वय अठ्ठावीस, उत्साह उतू चाललेला. तिने जूनच्या मीटिंगमध्येच जाहीर केलं, "काका, या वर्षी आपण शू-रॅक्स ऑर्डर करतोय. एकदम सेल्फ-सर्व्हिस! यू शुड रिलॅक्स आता. आरतीला पुढे उभे राहा ना!"

काका "हो हो, छान" म्हणाले आणि घरी येऊन दोन दिवस नुसती भाजी चिरत राहिले. रिलॅक्स हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला होता. आता आपली कोणाला गरज नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शरयूकाकूंना नवऱ्याचा सुतकी चेहरा बघवेना. त्यांनी परस्पर सांता फेची सहल बुक केली. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, उंचावर, स्पॅनिश लोकांनी चारशे वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव. लोक लांबून लांबून बघायला येतात.

"अहो, बघा तरी, किती युनिक आहे सगळं!" काकू जुन्या चौकात उभ्या राहून म्हणाल्या.

काकांनी बघितलं. घरं मातीची, हॉटेलं मातीच्या रंगाची, पार्किंगची इमारतसुद्धा मातीच्या रंगाची. "माती बघायला विमानाने आलो," ते म्हणाले. दुकानांवर टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळांमध्येही त्यांना काही राम वाटेना.

दुपारी दोघं एका जुन्या चर्चपाशी आले. जाड मातीच्या भिंती, ठेंगणं दार. काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. "तुम्ही या जाऊन, मी इथेच बरी," म्हणून त्या सावलीतल्या बाकावर बसल्या. काका दाराशी गेले आणि त्यांनी सवयीने बूट काढले. देवाचं घर ते देवाचं घर. बूट भिंतीशी नीट लावले, मोजे आत कोंबले, आत जाऊन हात जोडले.

बाहेर येतात तो काय, त्यांच्या बुटांशेजारी आणखी नऊ जोड! टेक्सासहून म्हाताऱ्यांची एक बस आली होती. पहिल्या बाईंनी दाराशी बूट पाहिले, इथली रीत असेल म्हणून स्वतःचे काढले, आणि मागचे पुढच्यांचं बघून काढत सुटले. काढले म्हणजे कसे, तर भिरकावले. एक इथे, एक तिथे, एक पालथा. एक उंच आजोबा दाराला टेकून गुडघ्यापर्यंतचा काऊबॉय बूट ओढत होते आणि बूट ऐकत नव्हता.

बाबांनो, असा काही नियम नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. काकांच्या मनात ते आलंही. पण तो पालथा बूट बघून त्यांचा जीव वरखाली झाला. आधी त्यांनी तो सरळ केला. मग आजोबांचा पाय धरून काऊबॉय बूट उपसला. मग हॉटेलने फुकट दिलेला गावाचा नकाशा खिशातून काढला आणि टराटरा फाडून त्याची टोकनं केली. जुना चौक सात नंबरात गेला, म्युझियम बारा नंबरात.

"अहो!" काकू बाकावरून ओरडल्या. "काय चाललंय तुमचं? लोक बघतायत!"

"तिघींचे सेम टु सेम पांढरे शूज आहेत, शरयू," काका मान वर न करता म्हणाले. "मिक्स झाले म्हणजे?"

एवढ्यात चर्चची देखभाल करणाऱ्या लुर्देसबाई बाहेर आल्या. आत एकतीस माणसं अनवाणी का फिरतायत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. समोर एक गृहस्थ एकतीस जोडांमध्ये मांडी घालून बसलेले. तुम्ही आमच्या चर्चचे का, त्यांनी विचारलं. नाही, शॉमबर्गचा, काकांनी सांगितलं आणि घाबरून सगळं कबूल करून टाकलं. वर आत जाऊन जाहीर माफीही मागितली: चूक माझी आहे, कृपया आपापले बूट घालावेत.

कोणी हललं नाही. आत छान गारवा होता. काऊबॉय आजोबा पायाची बोटं हलवत म्हणाले की साठ वर्षं चर्चमध्ये जातोय, जमीन आज लागली पायांना. लुर्देसबाईंनी खाली बघितलं. एवढी माणसं येऊनही जमीन लख्ख! त्या आतून एक खुर्ची घेऊन आल्या आणि काकांना बसायला दिली.

मग बसचा हॉर्न वाजला आणि सगळे एकदम बाहेर आले. दाराबाहेरचे दगड तापलेले, त्यामुळे टेक्सासची ज्येष्ठ मंडळी जागच्या जागी नाचत होती. "नंबर एट! ट्वेंटी-टू! नो पुशिंग, प्लीज!" काका खणखणीत आवाजात ओरडत होते. पाच मिनिटांत दार मोकळं. पांढरे शूज तिघींच्या तिघींना बरोबर मिळाले. गाईडने माणसं मोजली, एकतीस भरली, बसचं दार लागलं.

काकांनी भिंतीकडे बघितलं. स्वतःच्या बुटांपलीकडे एक जांभळा जोड तसाच होता. सतरा नंबर.

"स्टॉप द बस!" काका तापल्या दगडांवरून अनवाणी धावले. गाईड म्हणाला, मी दोनदा मोजलीयत. काका म्हणाले, तुमचं मोजणं चुकलंय. जोड उरलाय म्हणजे माणूस उरलंय. मग तिसऱ्यांदा मोजल्यावर उलगडा झाला. गाईड ड्रायव्हरला धरून मोजत होता.

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर नव्वदीच्या एक आजी पाय पसरून गाढ झोपल्या होत्या. मुठीत टोकन. काकांनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायात बूट घातले, नाड्या बांधल्या. आजींनी डोळे उघडले, थँक्यू म्हणाल्या आणि काकांच्या टकलावर दोनदा थोपटलं. काकांना एवढं भरून आलं की त्यांना नाडीची दुसरी गाठ दिसेना.

बस गेली. काका दाराशी उरलेले तुकडे गोळा करत बसले. तेव्हा काकू बाकावरून उठल्या.

गणपतीत चारशे जणांच्या चपला काकांच्या हाताखालून जात, पण बायकोच्या कधी गेल्या नव्हत्या. नवरा दारात चपला सांभाळतो याची काकूंना चारचौघांत लाज वाटायची. त्या दर वर्षी गाडीतच चपला काढायच्या आणि सॉक्सवर पार्किंग लॉट ओलांडून मागच्या दाराने आत जायच्या. काकांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "टोकन द्या," त्या म्हणाल्या. "आणि नीट ठेवा हं. नव्या आहेत."

काकांना इतका आनंद झाला की काय बोलावं कळेना. म्हणून ते गणपतीतलं नेहमीचंच बोलले.

"रांगेतून या," ते म्हणाले.

आणि काकू चपला उचलून मागे गेल्या, तापल्या दगडांवर, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर करत एकट्याच रांगेत उभ्या राहिल्या.